लवचिकतेची किंमत कोणी मोजायची?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला दिलेल्या विषयाचे नाव 'श्रमबाजारातील लवचिकता आणि कामगारांची सुरक्षितता' असे आहे. नाव जड आहे खरे. परंतु त्यामागील प्रश्न तुम्हां सर्वांच्या रोजच्या परिचयाचा आहे. मालकाला हवा तेव्हा कामगार घेता यावा आणि नको तेव्हा काढता यावा, ही झाली लवचिकता. उद्या आपली चूल पेटेल की नाही, या धास्तीने कामगाराची झोप उडू नये, ही झाली सुरक्षितता. या दोहोंचा मेळ बसतो काय, बसत असल्यास कोणत्या अटींवर बसतो, आणि तो बसविण्याचा खर्च कोणाच्या खिशातून जातो, या तीनच प्रश्नांचा विचार मी आज करणार आहे.

हा विचार आजच करण्याचे कारण उघड आहे. 21 नोव्हेंबर 2025 रोजी केंद्र सरकारने चार श्रमसंहिता अमलात आणल्या आणि 29 जुने कायदे त्यांत विलीन केले. पूर्वी 100 वा अधिक कामगार असलेल्या कारखान्याला कामगारकपातीसाठी वा कारखाना बंद करण्यासाठी सरकारची पूर्वपरवानगी घ्यावी लागे. ती मर्यादा आता 300 वर नेण्यात आली आहे. मुदतबंद नोकरीला कायद्याचे भक्कम अधिष्ठान मिळाले आहे. आपल्या व्यासपीठांवरून या संहितांचा निषेध झाला व तो योग्यच झाला. परंतु अशाच एका निषेधसभेहून परतताना एका तरुण कार्यकर्त्याने मला विचारले, "सर, मी ज्या मजुरांमध्ये काम करतो त्यांच्यापैकी एकालाही जुन्या कायद्याचे संरक्षण कधी नव्हतेच. मग त्यांनी या लढ्यात का उतरायचे?" त्या रात्री माझ्याजवळ उत्तर नव्हते. आजचे भाषण हा त्या उत्तराचा प्रयत्न आहे असे समजा.

डेन्मार्कची तडजोड

लवचिकतेचे समर्थक हल्ली डेन्मार्कचे नाव वारंवार घेतात. तेथे मालकाला कामगार काढणे तुलनेने सोपे आहे, दरवर्षी कामगारांपैकी साधारण पाचवा ते चौथा हिस्सा नोकरी बदलतो, आणि तरीही कामगार सुखी आहेत, असे ते सांगतात. हे सारे खरे आहे. परंतु हे चित्र ज्या भिंतीवर टांगले आहे ती भिंत आपल्याला दाखविली जात नाही.

1899 साली डेन्मार्कमधील मालकांनी टाळेबंदी पुकारली. सुमारे 40 हजार कामगार तीन महिन्यांहून अधिक काळ कामाबाहेर राहिले. त्या वर्षीच्या सप्टेंबरात जो करार झाला, त्याने मालकांनी कामगार संघटनांना मान्यता दिली, आणि संघटनांनी काम चालविण्याचा, माणसे घेण्याचा व कमी करण्याचा मालकांचा अधिकार मान्य केला. म्हणजे कामावरून काढण्याची मोकळीक ही तेथे मालकाला मिळालेली बक्षिसी नव्हती. संघटनेच्या मान्यतेच्या मोबदल्यात ती सौद्यात आलेली होती. पुढे 1907 साली बेकारी विमा निधींना सरकारी मदत देणारा कायदा झाला. हे निधी कामगार चळवळीशी निगडित राहिले, आणि त्यामुळे संघटनेचे सदस्यत्व व बेकारीतील आधार या गोष्टी एकमेकींना बळ देत गेल्या. आजही तेथील सुमारे दोनतृतीयांश कामगार संघटनेचे सदस्य आहेत. किमान वेतनाचा कायदा त्या देशात नाही. त्याची गरज सामूहिक करार भागवितात.

नोकरी गेलेल्या विमाधारक कामगाराला तेथे पूर्वीच्या वेतनाच्या 90 टक्क्यांपर्यंत भत्ता मिळतो. त्याला कमाल मर्यादा असल्याने 90 टक्क्यांचा लाभ प्रत्यक्षात अल्पवेतन कामगारालाच होतो. मध्यम वेतनाच्या कामगाराच्या हाती बरेच कमी पडते. मुदत दोन वर्षांची आहे. 2010 सालच्या सुधारणेपूर्वी ती चार वर्षांची होती. बेकारी वाढलेली असताना, 1993 साली सत्तेवर आलेल्या सोशल डेमॉक्रॅटिक पंतप्रधान पोल न्यूरुप रासमुसेन यांच्या सरकारने भत्त्याला प्रशिक्षणाची व काम शोधण्याच्या सक्रिय मदतीची जोड दिली. अशा कार्यक्रमांवर राष्ट्रीय उत्पन्नाचा जो हिस्सा डेन्मार्क खर्च करतो, तो जगातील सर्वांत मोठ्या हिश्शांपैकी आहे, आणि तो खर्च जबर करांतून निघतो.

तेव्हा डेन्मार्कचे उदाहरण देणाऱ्या गृहस्थांना आपण नम्रपणे एवढेच विचारावे: तुम्हांस डेन्मार्कमधली कपात हवी आहे, मग डेन्मार्कमधली संघटना, डेन्मार्कमधला भत्ता आणि डेन्मार्कमधला करही हवा आहे काय? या प्रश्नावर सभागृहात बहुधा शांतता पसरते.

स्वीडनचा धडा

दुसरे उदाहरण आपल्या विचारपरंपरेला अधिक जवळचे आहे. 1951 साली स्वीडनच्या कामगार महासंघाच्या अधिवेशनापुढे यॉस्टा रेन आणि रुडॉल्फ माइडनर या महासंघाच्याच दोन अर्थशास्त्रज्ञांची योजना मांडण्यात आली. सारख्या कामाला सारखे वेतन, मग कारखाना नफ्यात असो वा तोट्यात, हे तिचे पहिले सूत्र होते. जो कारखाना हे वेतन देऊ शकत नाही तो बंद पडला तरी चालेल. त्याला तगविण्यासाठी कामगारांनी अर्धपोटी राहायचे नाही. मात्र तेथून बाहेर पडणाऱ्या कामगाराला नवे कौशल्य, नव्या गावी जाण्याचा खर्च आणि नवी नोकरी मिळवून देणे ही शासनाची जबाबदारी. कारखान्याचे रक्षण न करता कामगाराचे रक्षण करावयाचे, हा विचार कामगार चळवळीने स्वतःहून मांडला होता, हे ध्यानात घ्या.

परंतु याही व्यवस्थेला एक जखम होती. साठच्या दशकात उत्तर स्वीडनमधील जंगलतोडीची व लहान उद्योगांची गावे ओस पडू लागली आणि माणसे दक्षिणेतील कारखान्यांकडे धाडली जाऊ लागली. श्रमबाजार मंडळाच्या आद्याक्षरांचा लोकांनी 'सगळ्यांनी दक्षिणेला चला' असा कडवट अर्थ लावला. आपले गाव, आपले घर, आईबापांची सोबत यांनाही मोल असते. अर्थशास्त्राच्या कोष्टकात ते मावत नाही. हा असंतोष साचत गेला आणि 1974 साली नोकरीच्या संरक्षणाचा कायदा झाला. शेवटी आलेला प्रथम जाईल, असा त्यातील कपातीचा नियम होता. 2022 साली त्यात मालकांना काही सवलती देण्यात आल्या. पण त्याच सौद्यात, काम करीत असलेल्या माणसाला नवे शिक्षण घेण्यासाठी वेतनाच्या 80 टक्क्यांपर्यंत, अर्थात कमाल मर्यादेसह, आधार देण्याची योजनाही आली. येथेही देवाणघेवाण झाली, आणि ती संघटनांशी वाटाघाटी करून झाली.

स्पेनमध्ये आपल्याच लोकांनी काय केले

आता एक कडू उदाहरण. 1984 साली स्पेनमध्ये फेलिपे गोन्सालेस यांचे समाजवादी सरकार होते. बेकारी प्रचंड होती. कायम कामगारांच्या संरक्षणाला हात लावण्याचे धाडस सरकारजवळ नव्हते, म्हणून त्याने सोपी वाट धरली: जुन्यांचे संरक्षण तसेच ठेवले आणि नव्यांना तात्पुरत्या करारावर घेण्याची दारे सताड उघडली. नव्वदीच्या आरंभी दर तीन नोकरदारांपैकी एक तात्पुरता होता. एकाच यंत्रावर दोन माणसे, एकाला कायद्याचे कवच, दुसऱ्याच्या करारावर तारीख. 2008 साली मंदी आली तेव्हा कुऱ्हाड प्रथम या दुसऱ्या माणसावर कोसळली. 2007 साली सुमारे 8 टक्के असलेली बेकारी 2013 साली 26 टक्क्यांवर गेली. तरुणांमध्ये ती 50 टक्क्यांहून अधिक होती. ही दुरुस्ती करायला 2021 चा डिसेंबर उजाडला. मालक व कामगार संघटनांच्या करारातून तात्पुरत्या नोकऱ्यांवर बंधने आली. फेब्रुवारी 2022 मध्ये संसदेने त्यांवर मोहोर उमटविली ती अवघ्या एका मताने, आणि तेही विरोधी पक्षाच्या एका सदस्याने चुकून दिलेल्या मताने! त्यानंतर तात्पुरत्या नोकरदारांचे प्रमाण चौथ्या हिश्शावरून सहाव्या हिश्शाच्या आसपास आले आहे. लवचिकतेचा सगळा भार एकाच गटावर टाकला तर काय होते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही.

एका एप्रिलची परीक्षा

कोणत्या देशाने सुरक्षितता कशी बांधली आहे, याची परीक्षा 2020 च्या एप्रिलमध्ये झाली. जर्मनीत सुमारे 60 लाख कामगार 'अल्पकाम' योजनेखाली होते. काम कमी झाले वा थांबले. परंतु नोकरी तुटली नाही, आणि बुडालेल्या निव्वळ वेतनाचा 60 टक्के, मुले असल्यास 67 टक्के भाग सरकारी बेकारी विम्यातून मिळाला. अमेरिकेत, जेथे बहुतेक कामगारांना कारण न देता काढता येते, बेकारी त्या एका महिन्यात 14.7 टक्क्यांवर गेली. तेथे वाढीव भत्ते दिले गेले हे खरे. परंतु नोकरीबरोबर अनेकांचा आरोग्य विमाही गेला.

आणि आपल्याकडे? 24 मार्चच्या रात्री चार तासांच्या सूचनेवर देश बंद झाला, आणि लाखो मजूर डोक्यावर गाठोडी घेऊन महामार्गांनी घराकडे चालू लागले. ज्यांच्या मालकांना 'आमच्याकडील कामगार कायदे फार ताठर आहेत' अशी तक्रार होती, त्यांचेच हे मजूर होते. त्या ताठर कायद्याने यांच्यापैकी कितीजणांचा पगार एका दिवसाने तरी वाढविला, हे आपण स्वतःला विचारले पाहिजे.

आपले घर

येथे थोडे आत्मपरीक्षण आवश्यक आहे. औद्योगिक कलह कायद्यातील पूर्वपरवानगीचे प्रकरण 1976 साली आले. तो आणीबाणीचा काळ होता. आपले अनेक ज्येष्ठ साथी तेव्हा तुरुंगात होते आणि संपाचा अधिकार गुंडाळून ठेवण्यात आला होता. संघटनेचे हात बांधून कायद्याचे छत्र देण्यात आले, ही गोष्ट डेन्मार्कच्या नेमकी उलट आहे. तेव्हा मर्यादा 300 कामगारांची होती. 1982 च्या दुरुस्तीने ती 100 वर आली.

त्याच 1982 च्या 18 जानेवारीला मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. संपानंतर एक लाखाच्या आसपास कामगारांना गिरणीचा दरवाजा पुन्हा उघडला नाही. परवानगीचा कायदा पुस्तकात होता. पण गिरणी बंद करण्याची परवानगी न मागताही ती आजारी पाडता येते, वेतन थकविता येते, विजेचे बिल न भरता यंत्रे थांबविता येतात. पुढे गिरण्यांच्या जमिनींना सोन्याचा भाव आला, आणि कामगाराच्या वाट्याला थकबाकीचे व घरांचे अर्ज आले. 1992 साली केंद्र सरकारने राष्ट्रीय नूतनीकरण निधी स्थापन केला. कमी झालेल्या कामगारांना नवे कौशल्य व नवे काम देण्याचा त्याचा उद्देश होता. पण निधीचा फार मोठा भाग स्वेच्छानिवृत्तीची रक्कम चुकती करण्यातच खर्ची पडला. माणसांना घरी पाठविण्यास पैसा सापडला. पुन्हा कामावर नेण्यास सापडला नाही.

दरम्यान मालकांनी लवचिकता मागण्याऐवजी घेऊन टाकली. या शतकाच्या आरंभी कारखान्यांतील कामगारांपैकी सुमारे पाचवा हिस्सा कंत्राटी होता; अलीकडच्या पाहणीत तो 40 टक्क्यांच्या आसपास गेला आहे. 2001 साली सर्वोच्च न्यायालयाने, कंत्राटी पद्धत रद्द झाली तरी कामगार आपोआप मूळ मालकाचा होत नाही, असा निर्णय दिला. म्हणजे स्पेनने 1984 साली कायद्याने जे केले, ते आपण कंत्राटदाराच्या हस्ते केले. आणि आता मुदतबंद नोकरीच्या रूपाने त्याला राजमान्यता मिळाली आहे. मुदतबंद कामगाराला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी मिळेल, ही चांगली तरतूद आहे. परंतु तोच करार किती वेळा नव्याने करावा याला संहितेत मर्यादा नाही.

हे मी मालकांना उद्देशून बोलत असताना माझ्या स्वतःच्या व्यवसायाकडे डोळेझाक केली तर ती अप्रामाणिकता होईल. मी कायम प्राध्यापक म्हणून निवृत्त झालो व मला निवृत्तिवेतन मिळते. माझ्या नोकरीच्या अखेरच्या वर्षांत शेजारच्या वर्गात माझाच विषय शिकविणारा तरुण तासिका तत्त्वावर होता. माझ्याइतकीच पदवी, बहुधा माझ्याहून अधिक वाचन. पण सुट्टी लागली की त्याचे वेतन शून्य. वेतनश्रेणीसाठी आम्ही मोर्चे काढले, त्यांत तोही घोषणा देत चालला. त्याच्या प्रश्नासाठी आम्ही किती मोर्चे काढले, हे विचाराल तर मला मान खाली घालावी लागेल. दोन थरांची व्यवस्था मालक निर्माण करतो हे खरे. पण वरच्या थरातील माणसांच्या मौनावर ती टिकते.

हमालांनी दाखविलेली वाट

मग उपाय परदेशातच शोधायचा काय? मुळीच नाही. लवचिकता आणि सुरक्षितता यांचा मेळ घालणारा कायदा याच महाराष्ट्रात 1969 साली झाला. त्याचे नाव माथाडी कायदा.

हमालीपेक्षा अधिक लवचिक काम कोणते? आज या गाळ्यावर ट्रक आला, उद्या त्या वखारीत. एका हमालाचा एक मालक कधीच नसतो. 'मालकच निश्चित नाही, तर जबाबदारी कोणाची?' हे आज मोबाइलवरून काम वाटणाऱ्या कंपन्या जे विचारतात, ते तेव्हा व्यापारी विचारीत. अण्णासाहेब पाटील यांनी मुंबईत माथाडी कामगारांची संघटना उभारली, बाबा आढाव यांनी पुण्यात हमाल पंचायत बांधली, आणि या संघटित रेट्यातून त्या प्रश्नाचे उत्तर निघाले. मालक, कामगार आणि शासन यांचे त्रिपक्षीय मंडळ नेमायचे. कामगार व मालक दोघांनीही मंडळाकडे नोंदणी करायची. मालकाने मजुरी आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही मंडळात भरायची. मंडळाने मजुरी वाटायची आणि लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, रजा व औषधोपचार यांची सोय करायची. मालक बदलत राहतो, परंतु हक्क कामगाराबरोबर चालत राहतात. 'फ्लेक्सिक्युरिटी' हा शब्द युरोपात रूढ होण्यापूर्वी सुमारे पंचवीस वर्षे आपल्या बाजारपेठेतील हमालांनी ती गोष्ट पाठीवर वाहून आणली होती. 1981 साली खासगी सुरक्षारक्षकांसाठी याच धर्तीवर कायदा झाला.

या मंडळांत दोष नाहीत असे मी म्हणत नाही. अनेक ठिकाणी नोंदणी टाळली जाते, आणि माथाडीच्या नावाखाली खंडणी उकळणाऱ्या टोळ्यांच्या तक्रारीही सर्वश्रुत आहेत. त्या टोळ्यांना आपण सर्वांआधी विरोध केला पाहिजे, कारण त्यांच्यामुळे खऱ्या हमालाचा कायदा मोडीत काढण्यास निमित्त मिळते. परंतु मूळ तत्त्व निर्दोष आहे: जो लवचिकतेचा लाभ घेतो, त्याने प्रत्येक कामागे तिची किंमत भरावी. राजस्थानच्या 2023 च्या कायद्यात मोबाइलवरून मिळणाऱ्या कामाच्या प्रत्येक व्यवहारावर शुल्क बसविण्याची जी कल्पना आली, ती माथाडी लेव्हीचीच नात म्हणावी लागेल. केंद्राच्या संहितेतही अशा कंपन्यांच्या वार्षिक उलाढालीच्या 1 ते 2 टक्के अंशदानाची तरतूद आहे.

दुसरा वारसा रोजगार हमीचा. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली ही योजना दुष्काळाच्या काळात उभी राहिली आणि 1977 साली तिचा कायदा झाला. तिच्यासाठी शहरातील नोकरदार व व्यावसायिकांवर कर बसला. गावातील मजुराच्या सुरक्षिततेसाठी शहराने खर्च सोसावा, हे तत्त्व आपल्या विधिमंडळाने तेव्हा मान्य केले होते. तेव्हा 'आमचा देश गरीब आहे, आम्हांला हे परवडणार नाही' हे उत्तर आपण सहजासहजी स्वीकारता कामा नये.

आपण काय मागावे?

आता त्या तरुण साथीच्या प्रश्नाकडे येतो. केवळ '300 नको, 100 ठेवा' एवढ्याच मागणीवर आपण थांबलो, तर दहांतील नऊ कामगार आपल्या सभेला येणार नाहीत, आणि त्यांचे चुकते असे मला म्हणवणार नाही. ती मागणी सोडावी असेही माझे मत नाही. स्वीडनच्या उदाहरणावरून दिसते की, उत्तम भत्ता असला तरी मनमानी कपातीविरुद्ध कायदा लागतोच. परंतु तिच्या जोडीला चार मागण्या हव्यात.

पहिली, कंत्राटी, मुदतबंद व मोबाइलवरून काम मिळविणाऱ्या सर्व कामगारांसाठी माथाडीच्या धर्तीवर त्रिपक्षीय मंडळे आणि मजुरीवर लेव्ही. दुसरी, अस्थायी कामगाराला कायम कामगाराइतके वेतन, आणि अस्थिरतेची भरपाई म्हणून त्यावर काही टक्के अधिक. अस्थायी माणूस स्वस्त पडतो तोवर मालक त्यालाच घेणार. तो महाग पडला, तर खरोखर गरज असेल तेवढाच घेईल. तिसरी, खरा बेकारी भत्ता. नव्या संहितेत काढलेल्या कामगाराला पुनःकौशल्यासाठी 15 दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम ठेवली आहे. कामगार विमा योजनेखालील बेकारी भत्त्याची मर्यादा 2020 साली वाढविण्यात आली, तीही वेतनाच्या निम्म्याएवढी व फार तर 90 दिवस. डेन्मार्कमधील दोन वर्षे आपल्याला आज मागता येणार नाहीत. पण 15 दिवसांत कोणता गिरणी कामगार संगणक शिकेल, हे विचारता येईल. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची मागणी संघटनेच्या मान्यतेची. गुप्त मतदानाने मान्यता ठरावी आणि त्या मतदानात कंत्राटी कामगारालाही मत असावे. ज्या देशांची उदाहरणे मी दिली, त्यांपैकी जेथे सौदा न्याय्य झाला तेथे वाटाघाटीच्या मेजावर कामगार बसलेला होता. आपल्याकडे तो बाहेर उभा ठेवून सौदा केला जातो, आणि मग त्याला सुधारणा म्हणतात.

यावर आक्षेप येईल की, यामुळे कायम कामगारांच्या संघटना दुरावतील. नव्यांना देण्यासाठी जुन्यांना काही सोडावे लागेल. हा आक्षेप खोटा नाही. मतदानाचा हक्क वाटून घ्यावा लागेल, निधीत वर्गणी भरावी लागेल, काही वेळा आपली वेतनवाढ मागे ठेवून शेजाऱ्याची मागणी पुढे न्यावी लागेल. त्या तासिका तत्त्वावरील तरुणाने आमच्यासाठी घोषणा दिल्या. आम्ही त्याच्यासाठी एक दिवसाचे वेतन तरी पणाला लावायला हवे होते. जी चूक माझ्या पिढीने केली ती तुम्ही करू नये, एवढेच सांगण्याचा मला अधिकार आहे.

शिबिर संपल्यावर आपापल्या गावी गेलात की एक काम करा. आपल्या औद्योगिक वसाहतीत, नगरपालिकेत, इस्पितळात, महाविद्यालयात कायम किती, कंत्राटी किती, आणि एकाच कामाला दोघांना किती वेतन मिळते, याची यादी तयार करा. ती यादी हाती घेऊन प्रथम मालकाकडे जाऊ नका. प्रथम तेथील कायम कामगारांच्या संघटनेकडे जा आणि ती त्यांच्या सभेत वाचून दाखवा. तेथून जे उत्तर मिळेल त्यावर आपला पुढचा लढा किती बळाने लढता येईल हे ठरेल.